रंगाची घडी

पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन ऐकताना एका प्रसंगापाशी माझे मन दरवर्षी रेंगाळते. आपल्या हालचालीमुळे मातेला क्लेश होत असतील, असा विचार करून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. हेतू करुणेचा होता. परिणाम मात्र अगदी उलट झाला. गर्भ हलेना, तेव्हा त्रिशलामातेच्या मनात नको नको त्या शंका दाटल्या. तिने शोक आरंभला, महालातील गायन-वादन थांबले, सारा परिवार चिंतेत बुडाला. हे जाणून त्यांनी किंचित हालचाल केली आणि आईच्या जिवात जीव आला. आईवडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, हा त्यांचा संकल्प याच प्रसंगातला. त्यामागचा गहन अर्थ महाराजसाहेब व्याख्यानात उलगडून सांगतातच. माझ्यासारख्या संसारी माणसाला त्यातून आणखी एक, पुष्कळच लहान, गोष्ट उमगते. मूल शांत झाले की आई घाबरते, हा नियम आजकालचा नव्हे.

आमच्या घरी या नियमाची पडताळणी रोज होते. नातू सव्वादोन वर्षांचा आहे. आमची सून लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते आणि तिचे काम घरातूनच चालते. त्यामुळे एकाच घरात एक व्यावसायिक चित्रकार आणि एक स्वयंभू चित्रकार अशी दोन बिऱ्हाडे नांदत आहेत. आरडाओरडा, आपटाआपटी, भांड्यांचा खणखणाट चालू असेपर्यंत सर्व काही क्षेम असते. आवाज थांबला, की तिच्या हातातील कुंचला अधांतरी थांबतो आणि ती मानही न वळवता विचारते, “बाबा, कुठे आहे हो तो?” गेल्या महिन्यातील अशा एका शांततेत बाळराजांनी तिची संगणकावर चित्र काढायची लेखणी तुपाच्या डब्यात उभी रोवली होती. दुसऱ्या शांततेत माझ्या चष्म्याच्या दोन्ही काचा पिवळ्या झाल्या. त्या दिवशी वर्तमानपत्रातील बातम्या मला नेहमीपेक्षा बऱ्या वाटल्या, हे नमूद करायला हवे.

बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ आकस्मिक तपासण्या पाहिल्या. सकाळी शाखेचे दार उघडण्यापूर्वी तपासनीस दारात उभे असत, रोकड मोजून घेत, खण उघडायला लावत, प्रत्येक वहीवर बोट ठेवून “हे काय?” विचारत. परंतु ते वर्षातून एकदा-दोनदा येत, उत्तर पटले तर पुढे जात आणि शेवटी अहवाल देऊन निघून जात. आमच्या घरचे तपासनीस रोज येतात. “हे काय?” या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारतात आणि तपासणी संपल्याचे कधीच जाहीर करीत नाहीत. खण मात्र सगळे उघडे राहतात.

कलावंत आईवडिलांच्या मुलांचे बालपण फार रम्य जात असणार, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. रम्य जाते, यात शंका नाही; परंतु ते कोणामुळे, याविषयी मतभेद होऊ शकतो. सूनेने एकदा शीतकपाटाच्या रिकाम्या खोक्यापासून बोट तयार केली. तिला शीड होते, गोल खिडक्या होत्या, खिडक्यांतून डोकावणारे मासे होते, नांगर होता. दोन रात्री जागून तिने ती रंगवली. सकाळी बाळराजांना डोळे मिटायला लावून समोर आणले. त्यांनी बोटीला एक प्रदक्षिणा घातली, आत डोकावून पाहिले आणि बाजूला पडलेले चिकटपट्टीचे रिकामे कडे उचलून मनगटात घातले. पुढचे चार दिवस ते कडे हेच त्यांचे वाहन, दूरबीण, बांगडी आणि पोळी होते. बोटीत सध्या इस्त्रीचे कपडे ठेवतो.

सूनेला त्या दिवशी वाईट वाटले. तिला मी वज्रस्वामींची कथा सांगितली. हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात ती आली आहे. पिता धनगिरी यांनी पुत्रजन्मापूर्वीच दीक्षा घेतलेली. बाळाला पूर्वजन्माचे स्मरण झाले आणि आईचा मोह सुटावा म्हणून त्याने सहा महिने रडण्याचा सपाटा लावला. कंटाळून सुनंदेने ते बाळ गोचरीला आलेल्या धनगिरींच्या हाती दिले. पुढे तिला ते परत हवेसे झाले आणि वाद राजदरबारात गेला. तिने तीन वर्षांच्या मुलापुढे खेळणी मांडली, मिठाई मांडली. धनगिरींनी फक्त रजोहरण पुढे केले. बाळाने रजोहरण घेतले. कथेचा गाभा वैराग्याचा आहे आणि त्याविषयी विनोद करण्याचा माझा अधिकार नाही. मात्र मी सूनेला एवढेच म्हणालो, “अगं, महागडी खेळणी मांडून मुलाला वळवायचा प्रयत्न भर दरबारात फसल्याची नोंद आहे. तुझं तर घरातच फसलं.” ती हसली. बाळराजे तेव्हा घरातील केरसुणी ओढत चालले होते. परंतु त्यावरून मी कोणतेही अनुमान काढलेले नाही.

जैन घरात चित्रकार असण्याच्या काही अडचणी बाहेरच्यांना ठाऊक नसतात. जलरंगाचे उंची कुंचले ‘सेबल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या केसांचे किंवा खारीच्या केसांचे असतात. सूनेने ते कधीच वापरले नाहीत. ती कृत्रिम धाग्यांचे कुंचले वापरते. ते पाणी कमी धरतात, म्हणून हात अधिक वेळा बुडवावा लागतो, असे ती सांगते. काही चांगल्या कागदांवर जिलेटिनचा लेप असतो, म्हणून कागद घेतानाही ती चौकशी करून घेते. हे सर्व ती कोणाला न सांगता करते. मला लग्नानंतर दोन वर्षांनी, तेही योगायोगाने कळले. बाळासाठी तिने घरीच खेळायचा गोळा करायचे ठरवले, तेव्हा कणकेत घालायला हळद चालली, पालकाचा रस चालला, डाळिंबाच्या सालीचा रंग चालला. बीट मात्र कंदमूळ म्हणून सौ.ने दारातच अडवले. “पण आई, खायचं नाहीये ते.” “तो खाणार नाही, असं तू लिहून देतेस का?” सौ.चा हा प्रश्न कर्जप्रकरण मंजूर करताना मी विचारायला हवा, इतका अचूक होता. हळदीचा अर्धा गोळा त्याने दुपारपर्यंत खाल्ला.

भिंतींविषयी आता आमच्या घरात बोलले जात नाही. जमिनीपासून अडीच फुटांपर्यंतचा पट्टा त्याच्या मालकीचा आहे, असे सर्वांनी मान्य केले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या रोडा केलॉग या बालशिक्षिकेने जन्मभर लहान मुलांच्या रेघोट्या गोळा केल्या आणि त्यांत वीस मूळ प्रकार असल्याचे दाखवले. त्यांवरील तिचा ग्रंथ 1969 साली निघाला. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, वळसा, गुंतवळ, असे ते वीस. कोणत्याही देशातील मूल याच रेघोट्यांवरून पुढे सूर्य आणि माणूस काढायला शिकते, असे तिचे म्हणणे. मी निवृत्त माणूस. एका दुपारी भिंग घेऊन आमची भिंत तपासली. चौदा प्रकार निश्चित सापडले. उरलेले सहा शयनगृहात असावेत.

अशाच कागदांची आणखी एक हकिकत मला फार आवडते. चार्ल्स डार्विन आपल्या पहिल्या मुलाच्या जन्मापासून, म्हणजे 1839 पासून, त्याच्या हालचालींची टिपणे ठेवीत होता. त्यांवर आधारित लेख त्याने 1877 मध्ये प्रसिद्धही केला. मुलांनी या निरीक्षणाची परतफेड आपल्या परीने केली. वडिलांच्या हस्तलिखिताचे वापरून झालेले कागद उलटे करून ती मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढीत. 1859 मध्ये जगाला हलवून सोडणाऱ्या त्या जीवोत्पत्तीच्या ग्रंथाच्या मूळ हस्तलिखिताची थोडीच पाने आज उरली आहेत आणि त्यांतील काही उरली ती मागील बाजूच्या पोरांच्या चित्रांमुळे. बापाच्या हस्ताक्षरासाठी नव्हे, तर मुलांच्या चित्रांसाठी कोणीतरी ते कागद जपून ठेवले. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर मूळ कर्ज बुडाले असते, तारणामुळे वाचले.

हे सर्व ऐकायला गोड आहे. परंतु गोड गोष्टींच्या आड एक कडू गोष्ट लपते आणि ती लिहिण्यासाठीच या महिन्याचे सदर मी घेतले आहे.

आमच्याकडे येणारे नातेवाईक, विशेषतः वयाने माझ्या बरोबरीचे, सूनेला एक वाक्य हमखास ऐकवतात. “तुझं बरं आहे, घरीच असतेस. बाळाकडे बघत बघत दोन चित्रं काढून टाकायची.” काढून टाकायची! हेच लोक मुलाविषयी म्हणतात, “तो फार मदत करतो हं बाळाचं करायला.” स्वतःच्याच खात्यात पैसे भरणाऱ्याला देणगीदार म्हणण्यासारखे हे आहे, परंतु तो विषय सध्या बाजूला ठेवतो.

नोटा मोजण्याची यंत्रे आली नव्हती, तेव्हाचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. रोखपाल शंभर नोटांचे बंडल मोजत असतो. त्र्याहत्तरावर आलेला असताना कोणी विचारले, “साहेब, पासबुक कधी मिळेल?” तर उत्तराला चार सेकंद लागतात, परंतु बंडल पुन्हा एकपासून मोजावे लागते. व्यत्यय चार सेकंदांचा नसतो, तो त्र्याहत्तर नोटांचा असतो. जलरंगाचे तसेच आहे. सून मला एकदा समजावून सांगत होती. आकाशाचा पातळ रंग ओल्या कागदावर एका दमात खाली उतरवत न्यावा लागतो. मध्येच उठले, तर रंगाची कड वाळते आणि त्या ठिकाणी कायमचा डाग राहतो. “मग बाबा, तिथे ढग काढायचा,” ती म्हणाली. त्या पुस्तकात पहिल्या नऊ पानांवर इतके ढग का आहेत, याचा उलगडा मला तेव्हा झाला. प्रत्येक ढगाच्या जागी कोणीतरी “आई, शू!” म्हटलेले आहे.

पुस्तक पावसाचे आहे. बत्तीस पाने, त्यांत एक बेडूक, एक गोगलगाय, एक मुंगी आणि एक गाव. प्रकाशकाने आगाऊ मानधन दिलेले, मुदत ठरलेली. पहिल्या दोन महिन्यांत नऊ पाने झाली होती आणि उरलेल्या दोन महिन्यांत तेवीस व्हायची होती. हा हिशेब करायला एम. कॉम.ची पदवी लागत नाही.

श्रावणातील एका सकाळी दहावे पान झाले. बेडूक मुसळधार पावसात तोंड वर करून बसला आहे, असे ते चित्र. तो तिसरा बेडूक होता. पहिले दोन तिच्या मनास आले नव्हते. हा आला. रंग अजून ओला होता, म्हणून कागद टेबलावर आडवा ठेवून ती कुकर उतरवायला गेली. शिट्टी बंद झाली आणि घरात शांतता पसरली. आम्ही तिघेही एकदमच धावलो. बाळराजे खुर्चीवर उभे होते. हातात त्यांचा जेवणानंतर तोंड पुसायचा रुमाल. ते अत्यंत मन लावून, हलक्या हाताने, बेडूक पुसत होते.

“बेडूक ओला,” ते आम्हाला म्हणाले. “पुसला.”

बेडूक खरोखर पुसला गेला होता. पाऊसही पुसला गेला होता आणि त्याखालचे तळेही.

आता यावर काय बोलायचे? पावसात भिजणाऱ्या जीवाची दया येऊन त्याला कोरडे करणाऱ्या मुलाला जैन घरात कोण रागावणार? मुंगीवर पाय देऊ नये, कुत्र्याला दगड मारू नये, पक्ष्यांसाठी पाणी ठेवावे, हे त्याला आम्हीच शिकवले होते. आमच्या चेहऱ्यांवरून काहीतरी बिनसले आहे, एवढे त्याच्या ध्यानात आले. त्याने लगेच हात जोडले आणि म्हणाला, “मिच्छामि दुक्कम.” गेल्या संवत्सरीला शिकलेला हा शब्द तो वर्षभर एकरकमी तडजोडीसारखा वापरत आला आहे. आधी थकवायचे, मग हात जोडायचे, सौ. तत्काळ पूर्ण माफी देते. या वेळीही तिने त्याला उचलून घेतले आणि सूनेला अइमुत्ता मुनींची गोष्ट सांगितली. बालवयात दीक्षा घेतलेले ते मुनी. पावसाळ्यात वाहत्या पाण्याला मातीचा बांध घालून त्यांनी आपले पात्र त्यात सोडले आणि ‘माझी नाव, माझी नाव’ म्हणत खेळू लागले. स्थविरांनी प्रभू महावीरांना विचारले, तेव्हा प्रभू म्हणाले, की हा याच भवात मोक्षाला जाणार आहे. त्याची अवहेलना करू नका, त्याला सांभाळा.

सूनेने सगळे ऐकून घेतले. मग हळू आवाजात म्हणाली, “आई, त्या पात्रावर प्रकाशकाची तारीख नव्हती.”

त्या रात्री जेवताना तिने सांगितले, की ती आगाऊ घेतलेले पैसे परत करणार आहे. तो शाळेत जायला लागला की बघू. तिच्या आवाजात चीड नव्हती, तक्रार नव्हती. नेमके त्याचेच मला अधिक वाईट वाटले. बँकेत मी अनेक चांगल्या स्त्री सहकाऱ्यांना हेच वाक्य याच आवाजात म्हणताना ऐकले आहे. ‘मूल जरा मोठे झाले की बघू.’ त्यांतील बहुतेकींची पदोन्नतीची संधी पुढे कधी आलीच नाही आणि आम्ही निरोप समारंभात त्यांच्या त्यागावर भाषणे केली.

चिरंजीव ताटाकडे पाहत होता. सौ.ने वाढायचे थांबवून विचारले, “रोज किती वेळ मिळाला तर होईल?”

“सलग मिळाला तर दीड तास,” सून म्हणाली. “सलग.”

मी दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस एका वहीत नोंदी ठेवल्या. सवय आहे. सकाळी दहा ते साडेअकरा हा तिचा कामाचा वेळ. त्यात तिला सलग मिळालेला सर्वांत मोठा अवधी अकरा मिनिटांचा होता. व्यत्यय आणणाऱ्यांत बाळराजे पहिले होते, हे खरे. परंतु एकूण व्यत्ययांपैकी जवळजवळ निम्मे प्रौढांचे होते. दारावरची घंटा, दूधवाल्याचा हिशेब, चिरंजीवाचा कार्यालयातून फोन, “अगं, ती निळी फाइल कुठे आहे?” वही मी जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली. काही बोललो नाही. ताळेबंद स्वतःच बोलतो.

तोडगा मात्र माझा नाही, सौ.चा आहे आणि त्याचे मूळ एका जुन्या उपद्व्यापात आहे. ती रोज सामायिकाला बसते, तेव्हा समोर वाळूची घडी ठेवते. दोन घडींचे, म्हणजे 48 मिनिटांचे, सामायिक. वाळू खाली उतरली की पारायचे. एके दिवशी 31 मिनिटे झालेली असताना बाळराजांनी येऊन ते यंत्र उलटे केले. खाली पडलेली 31 मिनिटांची वाळू वर गेली. भिंतीवरील घड्याळ पाहून उठता आले असते, परंतु सौ.चे म्हणणे, घडी समोर ठेवली आहे तर घडीचेच मानायचे. त्या दिवशी तिचे सामायिक 62 मिनिटांचे झाले. तेवढा वेळ नातू समोर मांडी घालून वाळूकडे पाहत होता आणि आजीला त्याने एकदाही हात लावला नाही. मुहपत्ती आणि कटासणे दिसले, वाळू पडताना दिसली, की आजीला हाक मारायची नाही, हे त्याला कोणी न शिकवता कळलेले आहे. घड्याळ त्याला कळत नाही. ‘थोड्या वेळाने’ हे शब्द त्याच्या लेखी फसवणूक आहेत. वाळू मात्र डोळ्यांना दिसते. तिचे संपणे कोणाच्या मर्जीवर नाही.

“सूनेच्या टेबलावर घडी ठेवू या,” सौ. म्हणाली. आणि लगेच पुढे म्हणाली, “माझी नव्हे. सामायिकाची घडी सामायिकालाच. तिला दुसरी आणा.”

दुसरी आणली. तिच्यातील वाळू निळी आहे. तिला घरात ‘रंगाची घडी’ म्हणतात. सकाळी दहाला बाळराजांच्या हस्ते ती उलटवली जाते आणि वाळू खाली येईपर्यंत सूनेच्या टेबलाकडे कोणी फिरकत नाही. हा नियम त्याला सांगितला तो एकदाच. प्रौढांना आठ दिवस सांगावा लागला. चिरंजीवाने तिसऱ्या दिवशी फाइलसाठी फोन केला, तो मी घेतला आणि फाइल कुठे आहे ते शोधण्याचे शिक्षण त्याला वयाच्या चौतिसाव्या वर्षी दिले. एक वाळू संपली की पंधरा मिनिटे आईची कुशी, खाऊ आणि सगळे हिशेब. मग दुसरी वाळू. दोन वेळा मिळून 96 मिनिटे. दीड तासाहून सहा मिनिटे जास्तच.

त्या 96 मिनिटांचा प्रभार माझ्याकडे आहे. हे काम सोपे नाही. भावनगरला 1920 साली बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे या विचारात पडले आणि वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. 1926 साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. गुजरातेत गिजुभाईंना लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. पदवी मोठी आहे आणि मी तिच्या जवळपासही नाही. माझ्याकडे फक्त मिशी आहे. परंतु एक गोष्ट त्यांची वाचून मी केली. मुलाला रमवायचे नाही, त्याला खरे काम द्यायचे. आम्ही दोघे वाटाणे सोलतो. मोज्यांच्या जोड्या लावतो. जुन्या पासबुकांवर शिक्के मारतो. शिक्का ‘रद्द’ असा आहे आणि तो माझ्या हातावरही दोनदा मारला गेला आहे. तळमजल्यावर जाऊन मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते ते पाहतो. या पाहणीला तब्बल एक वाळू पुरते. मी पस्तीस वर्षे नोकरी केली. परंतु माझ्या मुलाने मुंग्या कधी पाहिल्या, त्या कोणी दाखवल्या, हे मला सांगता येणार नाही. ते खाते दुसऱ्याच कोणीतरी सांभाळले होते आणि तिने त्यावर कधी व्याज मागितले नाही.

वाळू संपली, की बाळराजे सूनेच्या टेबलाशी जातात आणि झालेल्या कामाची तपासणी करतात. ओल्या चित्राला हात लावायचा नाही. कोपऱ्यात एक बोट टेकवून ‘ओलं’ की ‘सुकं’ ते सांगायचे, एवढा अधिकार त्यांना दिलेला आहे. त्यांची मते स्पष्ट असतात. गोगलगाय त्यांना आवडली नाही, कारण ती ‘जात नाही’. गावाच्या चित्रात आबा कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. तेव्हापासून चोविसाव्या पानावर एका ओट्यावर छत्री घेऊन बसलेला मिशीवाला म्हातारा आहे. मूळ गोष्टीत तो नाही. लेखिकेची संमती घेतली आहे, असे सून सांगते.

प्रकाशकाने वीस दिवसांची मुदत वाढवून दिली. पैसे परत करण्याचा विषय पुन्हा निघालेला नाही. हा मजकूर लिहून होईतो सव्वीस पाने झाली आहेत, सहा बाकी आहेत आणि अकराव्या पानापासून पुढे आकाशात एकही ढग गरजेपेक्षा जास्त नाही. दहावे पान तिने पुन्हा केले. तोच पाऊस, तेच तळे, तोच बेडूक. फक्त या वेळी त्याच्या डोक्यावर अळूचे एक मोठे पान आहे. बाळराजांनी बोट टेकवून पाहिले, थोडा विचार केला आणि रुमाल खिशात ठेवून दिला.